राधेचा खंड कुठे आहे?

'मृत्युंजय' आमच्या वाचनमंडळात दोन भाषांत वाचली गेली. ज्या मराठी शाळेत शिकल्या त्यांनी शिवाजी सावंतांचं मूळ पुस्तक घेतलं, बाकीच्यांनी ज्ञानपीठाचा हिंदी अनुवाद. इंदूरात हे असंच चालायचं. एकीने मराठीत वाक्य सुरू करावं, दुसरीने हिंदीत संपवावं. डोळे पुसायची पानं मात्र दोन्हीकडे तीच निघाली.

कादंबरी 1967 ची. आजऱ्याच्या या लेखकाला तिच्यासाठी 1994 चा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, तो साहू जैन घराण्याने उभ्या केलेल्या भारतीय ज्ञानपीठाचा. त्यामुळे आपल्या घरांत या पुस्तकाला एक वेगळं कौतुक आहे, लग्नात आहेर म्हणून दिलेलंही मी पाहिलंय. कौतुक असू द्या, पण वाचताना मनात जे येतं ते बोलायला हवं.

पहिली गोष्ट, कर्ण काही अनाथ नाही. आई जिवंत आहे, आणि पुढे त्याच हस्तिनापुरात राहते. तरी आपण त्याला अनाथाच्याच मायेने वाचतो. चंपानगरीतलं त्याचं बालपण, रथामागे धावणारा शोण, ही पानं सावंतांनी फार जीव लावून लिहिलीत. (चंपापुरी म्हटलं की आपल्याला आधी वासुपूज्य स्वामी आठवतात, पाचही कल्याणकं तिथलीच. एकीने विचारलंच, तीच का ही? तीच, अंगदेशाची.) पुढे पुढे मात्र उपमांचा भार होतो. सूर्य इतक्यांदा उगवतो की मी काही पानं सरळ उलटली.

कुंतीचा खंड मला सगळ्यांत खरा वाटला. कारण ती स्वतः दिलेली मुलगी. शूरसेनाची पृथा कुंतिभोजाला देऊन टाकली, तिला विचारलं कुणी? जिला लहानपणी असं दुसऱ्याच्या हवाली केलं, तीच पुढे आपलं बाळ पेटीत घालून पाण्यात सोडते. आमच्यातल्या दोघी तिच्यावर चिडल्या, एक रडली. मला दोन्ही पटलं.

आता माझी खरी तक्रार. या कादंबरीत सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. राधा बोलत नाही. जिने पोर छातीशी धरलं, जिच्या नावावरून तो राधेय झाला, तिला एक खंड नाही! दुर्योधनाला आहे. धाकट्या शोणाला आहे, आणि तो सुंदरही आहे. पण आईला नाही. ती दारात उभी राहते, काळजी करते, डोळे भरून येतात. पुस्तकातल्या आयांचं जे नेहमी होतं तेच.

व्यासांनी तिला इतकं गप्प ठेवलेलं नाही, हे विशेष. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, तेव्हा कर्ण राज्य नाकारताना राधेचंच कारण पुढे करतो. मला पाहताच तिला पान्हा फुटला, माझं हगणं-मुतणं तिने काढलं, तिचं पिंडदान मी कसं सोडू? बाळंतपण न करता आई झालेल्या बाईच्या बाजूने याहून स्पष्ट साक्ष मला तरी ठाऊक नाही.

आपल्या पुराणात तर गोष्टच निराळी. जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे शके 705 च्या ग्रंथात, कर्णाचा बाप सूर्य नाही, पांडूच आहे. लग्नाआधीचा संबंध, एवढंच. आणि युद्धानंतर कर्ण दमवर मुनींकडे दीक्षा घेतो, कानातली कुंडलं उतरवून टाकतो. सावंतांच्या कर्णाला कवचकुंडलं देऊन टाकतानाही आपण कोण आहोत हे सोडता येत नाही. इथे ती सुटतात.

यातूनच मला कादंबरीतली मोठी अडचण दिसली. पुस्तक सांगतं की सूतपुत्र म्हणून हिणवणं अन्याय आहे. बरोबर. पण वाचकाला ते पटवतं कशाने? तो मुळात क्षत्रिय आहे, सूर्याचा आहे, अंगावर तेज आहे, म्हणून. तो खरोखरच अधिरथ-राधेच्या पोटचा असता तर? मग सूतपुत्र म्हणणं चाललं असतं का? शोण तर होताच ना सूतपुत्र. त्याच्यासाठी कोण रडलं?

हे मी मंडळात बोलले, तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "काही म्हणा ताई, खून आखिर खून होता है." आमच्यात एक अशी बसली होती जिने मुलगी गोद घेतलीय. तिने पदर सारखा केला आणि पुस्तकात पाहत राहिली.

आपल्या समाजात गोद घेणं नवं नाही. पण ते पेढीसाठी, नावासाठी, दिराचा नाहीतर नणदेचा मुलगा. बाईचा त्यात होकार तेवढा लागायचा, तोही 1956 च्या कायद्याने. तो कायदा जैनांनाही लागू. नवरा धडधाकट असताना बायकोला स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेता येत नसे. नवऱ्याने संसार कायमचा सोडला असेल तर गोष्ट वेगळी! 2010 मध्ये कायदा बदलला, आता नवऱ्याच्या संमतीने घेता येतं. म्हणजे राधेला कागदावर यायलाही इतकी वर्षं लागली, तर कादंबरीत खंड कुठून मिळणार.

तरी पुस्तक वाचा. शोणासाठी वाचा, कुंतीसाठी वाचा. आणि राधा जिथे जिथे येते तिथे जरा थांबा, तिचं वाक्य लहान असतं, नजरेतून निसटतं. त्या मैत्रिणीने निघताना माझ्याकडे उद्योगपर्वाचं ते पान मागितलं. मुलीला वाचून दाखवायचंय म्हणाली. हिंदीतलं चालेल का विचारलं, तर म्हणाली, नाही, मराठीतलंच द्या, तिची आई मराठी आहे.