ठिपका कुठून आला?

प्रश्नपत्रिकेत २ आणि ५ यांच्यामध्ये टोनरचा एक काळा ठिपका पडला, की २५ चे २.५ होतात. गणित सुटते, पण भलतेच. प्रश्नपत्रिका आणि थोड्या प्रतींची पुस्तके आता अनेकदा डिजिटल छपाईयंत्रांवर छापली जातात. त्यामुळे या यंत्रांची पारख हा केवळ छापखानेवाल्यांचा विषय राहिलेला नाही.

ही पारख मात्र दोन आकड्यांपाशीच अडून बसली आहे. १९९० साली झेरॉक्स कंपनीने ‘डॉक्युटेक’ हे यंत्र बाजारात आणले. मिनिटाला १३५ पाने, इंचाला ६०० बिंदू! तेव्हा हे थक्क करणारे होते. माहितीपत्रके अजूनही त्याच भाषेत बोलतात. इंचाला ६०० बिंदू म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंत सुमारे ०.०४ मि.मी. अंतर. पण बिंदू जागच्या जागी पडतो का, हजाराव्या प्रतीवरही तितकाच गडद पडतो का, हे या आकड्यावरून कळत नाही. प्रदर्शनातला चकचकीत नमुना तर त्याहूनही कमी सांगतो. तो निवडक कागदावर काढलेला असतो.

दुरुस्तीतही असाच उतावळेपणा दिसतो. डाग पडला, बदला ड्रम! वास्तविक पुरावा पानावरच असतो. कोरडा टोनर वापरणाऱ्या यंत्रात फिरत्या ड्रमवर विद्युतभाराचे चित्र तयार होते, त्याला टोनर चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि उष्णतेने पक्का होतो. ड्रमवर ओरखडा असेल तर प्रत्येक फेऱ्याला डाग उमटणारच. ड्रमचा व्यास ३० मि.मी. असेल तर दोन डागांत सुमारे ९४ मि.मी. अंतर पडेल. फूटपट्टीने मोजल्यावर ६३ मि.मी. भरले, तर ड्रमला हात लावू नये, २० मि.मी. व्यासाचा रूळ शोधावा. (परीघाचे सूत्र शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.) मोठ्या यंत्रांत परीघ पानाच्या लांबीहून जास्त असू शकतो. तेव्हा लागोपाठची बरीच पाने क्रमाने लावून पाहावी लागतात. कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने सलग रेघ असेल, तर दोष बहुधा न फिरणाऱ्या भागात असतो: लेझरच्या काचेवरची धूळ, किंवा ड्रम पुसणाऱ्या पात्याला पडलेली खाच.

कोकणातल्या पावसाळ्यात फिकट, ठिगळासारखी छपाई झाली, तर आधी कागद पाहावा. ओल धरलेल्या कागदावर विद्युतभार टिकत नाही आणि टोनर पुरता उतरत नाही. तिथे दोष यंत्राचा नव्हे, रीम उघडे टाकणाऱ्याचा.

यंत्र पारखायचे तर दोन्ही बाजूंना चौकट छापून पान उजेडाकडे धरा. पहिली बाजू छापताना उष्णतेने ओल उडते व कागद किंचित आकसतो. चांगले यंत्र दुसऱ्या बाजूचा आकार त्या मानाने बदलून घेते. मग गडद छपाईवर पान दुमडून घडी बोटाने घासा. पूड निघाली तर टोनर नीट वितळलेला नाही. आणि या चाचण्यांसाठी विक्रेत्याने हातात दिलेली पहिली प्रत घेऊ नका, पाचशेवी मागा.