शीत मृदेतील सूक्ष्म शैवले आणि ‘शीतप्रिय’ ही संज्ञा

शास्त्रातील एखादी संज्ञा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेली, की तिच्यामागची गृहीतकेही नकळत तिच्याबरोबर येतात. शीत प्रदेशांच्या मृदेत वाढणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या अभ्यासात ‘शीतप्रिय’ या संज्ञेच्या बाबतीत असेच घडले आहे. रिचर्ड मोरिटा यांनी १९७५ साली तिची व्याख्या निश्चित केली. ज्या जीवाची वाढ सुमारे १५° से. किंवा त्याहून कमी तापमानात सर्वाधिक होते, सुमारे २०° से.च्या वर थांबते आणि ०° से. किंवा त्याखालीही चालू राहते, तो शीतप्रिय. थंडीत तग धरणारा, परंतु त्याहून उष्ण तापमानात अधिक जोमाने वाढणारा, तो शीतसह. ही व्याख्या जीवाणूंसाठी केलेली होती व त्या क्षेत्रातील बराच गोंधळ तिने दूर केला, याविषयी दुमत नाही. शैवलांना ती कितपत लागू पडते, एवढाच येथे प्रश्न आहे.

व्याख्या जशीच्या तशी लावली, तर निष्कर्ष चमत्कारिक निघतो. टँग, ट्रेंब्ले व व्हिन्सेंट यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्रुवीय प्रदेशांच्या गोड्या पाण्यातील थरांतून वेगळ्या केलेल्या २७ नीलहरित शैवलांना सर्वाधिक अनुकूल असलेले तापमान सरासरीने १९.९° से. भरले. शीत मृदेतून मिळणारी बहुतेक शैवलेही शीतसह गटातच मोडतात. तेव्हा त्यांचे थंडीशी अनुकूलन झालेलेच नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. तो दोन कारणांसाठी आवरला पाहिजे.

पहिले कारण मृदेच्या तापमानाचे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील ‘मैत्री’ हे ठाणे १९८९ पासून अंटार्क्टिकातील शिर्माकर मरुद्यानात आहे. अशा बर्फमुक्त भूमीवर उन्हाळ्यात खडक व माती हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात आणि सूर्य ढगाआड गेला, की पुन्हा गोठणबिंदूकडे झुकतात. तेथील शैवलाच्या दृष्टीने वार्षिक सरासरीला फारसा अर्थ नाही. त्याची वाढ उन्हाच्या मोजक्या तासांत व्हावयाची असते. ते तास ज्याला साधता आले नाहीत, ते शैवल तेथे टिकणार नाही. याउलट, अंटार्क्टिकातीलच बॉनी सरोवरात कायमच्या बर्फाखाली १७ मीटर खोलीवर सापडलेले क्लॅमिडोमोनस वंशातील एक शैवल सुमारे १६° से.च्या वर वाढू शकत नाही. मोरिटांच्या व्याख्येत ते चपखल बसते. कारण त्याच्या परिसरात थंडी अखंड आहे आणि प्रकाश मंद आहे. एकाच खंडातील या दोन अधिवासांत थंडी समान आहे. तिची स्थिरता मात्र समान नाही.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे, व ते प्रकाशाचे आहे. मोरिटांच्या व्याख्येत प्रकाशाला स्थान नाही, कारण तिच्यासमोर असलेल्या जीवाणूंना त्याची गरज नव्हती. शैवलाचे तसे नाही. हरितद्रव्याचे प्रकाश शोषण्याचे कार्य तापमानावर जवळजवळ अवलंबून नसते. परंतु शोषलेली ऊर्जा खर्ची घालणारी एंझाइमे थंडीत मंदावतात. आवक तीच राहते, खर्च घटतो आणि उरलेली ऊर्जा पेशीला घातक ठरू लागते. मॅक्सवेल, ह्यूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिले, की थंडीत वाढविलेल्या क्लोरेला व्हल्गारिसची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा प्रखर प्रकाशात वाढविलेल्या पेशींसारखी होते. पेशीला थंडी व प्रखर प्रकाश यांची जाणीव बऱ्याच अंशी एकाच वाटेने होते, असा याचा अर्थ.

हे ध्यानी घेतले, म्हणजे मृदेतील शैवलांची विविध साधने एका सूत्रात बसतात. असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवून पटले प्रवाही ठेवणे हे थंडीवरचे उत्तर. प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्यांत कपात करणे, कॅरोटिनॉइडे साठविणे, आवरणात स्कायटोनेमिनसारखे रंगद्रव्य धरून अतिनील किरण अडविणे ही आधिक्यावरची उत्तरे. मातीत प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो. म्हणून सरपटणाऱ्या तंतूला किंचित खाली उतरूनही आसरा मिळतो. प्रयोगशाळेच्या चंबूत ही शेवटची सोय नसते, हे विसरता कामा नये.

यातून पद्धतीविषयी एक आग्रह निष्पन्न होतो. एकाच प्रकाशात निरनिराळ्या तापमानांना शैवल वाढवून काढलेला ‘अनुकूल तापमाना’चा आकडा अर्धवट असतो, प्रकाश बदलला, की तोही बदलू शकतो. चार तापमाने व प्रकाशाच्या चार पातळ्या घेतल्या, तर सोळा चंबू लागतील. श्रम वाढतील, पण उत्तर शैवलाविषयीचे असेल.

त्यासाठी ध्रुवाकडेच गेले पाहिजे असे नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात शिवाजीनगरला पहाटेचे तापमान कित्येकदा १०° से.च्या खाली उतरते, आणि निरभ्र आकाशामुळे ऊन लवकरच प्रखर होते. वेताळ टेकडीच्या मातीवर दवाने भिजलेला नीलहरित शैवलांचा थर त्या वेळी याच पेचात सापडत असला पाहिजे. त्याला ‘शीतप्रिय’ कोणीही म्हणणार नाही. परंतु थंडी व प्रकाश यांचा मेळ तो कसा घालतो, हे तपासल्यावाचून अंटार्क्टिकातील त्याच्या भाईबंदांचे वेगळेपण नेमके कशात आहे, हे सांगता येणार नाही.