पुनरुत्थान : शब्द, हाक आणि मराठी ख्रिस्ती काव्य

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना समीक्षक बहुधा दोन ठिकाणी थांबतात : फादर स्टीफन्स यांनी केलेली मराठीची स्तुती आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे तुकोबांशी असलेले नाते. दोन्ही गोष्टी खऱ्याच. परंतु ज्या श्रद्धेतून हे वाङ्मय जन्मले तिचा गाभा जो ख्रिस्ताचे पुनरुत्थान, त्याला मराठीत कोणते रूप लाभले याची चिकित्सा क्वचितच होते.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. मराठी मनाला पुनर्जन्म परिचित आहे. पण तेथे जुना देह टाकून नवा धारण केला जातो. तुकोबांचे सदेह वैकुंठगमनही परिचित आहे. तेथे देह राहतो, पण तो निघून जातो. ख्रिस्ती श्रद्धेतील घटना या दोहोंहून निराळी आहे. तोच देह खिळ्यांच्या व्रणांसह परत येतो, आणि येतो तो संकटकाळी त्याला सोडून पळालेल्यांकडे. ‘पुनरुत्थान’ हा शब्द उठण्याची क्रिया नेमकी सांगतो. हिंदी बायबलानेही तोच पत्करल्यामुळे भिलाईसारख्या बहुभाषिक पोलादनगरीत मराठी आणि हिंदी भाषक ख्रिस्ती माणसांना तो समाईक आहे. मात्र राष्ट्राच्या व समाजाच्या पुनरुत्थानाच्या भाषणांत तो इतका झिजला आहे की, रित्या कबरीपाशी रडणारी स्त्री त्यातून दिसेनाशी होते.

योहानाच्या शुभवर्तमानातील ती मग्दालीया मरीया समोर उभ्या असलेल्याला माळी समजते. ओळख पटते ती पुराव्याने नव्हे. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा. येथे मराठीला एक अनपेक्षित लाभ झाला आहे. इंग्रजीत हाक मारताना नाव जसेच्या तसे राहते. मराठीत ‘मरीया’ची ‘मरीये’ होते. मेलेला माणूस जिवंत झाला हे वाचकाला या एका एकारान्त रूपात ऐकू येते.

पेत्राचा प्रसंग याहून कठीण. कोळशाच्या विस्तवापाशी शेकत त्याने गुरूला तीनदा नाकारले होते. तिबिर्याच्या सरोवराकाठी, पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच, गुरू त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारतो. मूळ ग्रीकमध्ये येथे दोन क्रियापदे आहेत, आणि बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतराने ‘प्रीती’ व ‘प्रेम’ असे दोन शब्द योजून तो भेद राखला आहे. अनेक अभ्यासक ती क्रियापदे समानार्थी मानतात. मराठी कानालाही या दोन शब्दांतील अंतर फारसे जाणवत नाही. प्रसंगाचे बळ शब्दभेदात नसून पुनरुक्तीत आहे. दोषाचा उच्चारही न करता क्षमा होते, आणि लगेच मेंढरे राखण्याचे काम सोपवले जाते. पुनरुत्थान हा केवळ मृत्यूवरील विजय असता, तर या संभाषणाची गरजच नव्हती.

१६१६ साली गोव्यात रोमी लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ने दहा हजारांहून अधिक ओव्यांत ही सारी कथा पुराणाच्या घाटात बसवली. ती निवड थोर होती, पण तिची किंमतही होती. पुराणाच्या श्रोत्याला देवाचा विजय अपेक्षितच असतो. शिष्यांचे भय, थोमाचा संशय, पेत्राची शरम यांना त्या निश्चिंत गतीत जागा अपुरी पडते.

‘ख्रिस्तायना’ची गोष्ट वेगळी. टिळक १९१९ साली वारले तेव्हा या महाकाव्याचे आरंभीचे काही अध्यायच लिहून झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. अर्थात क्रूस आणि पुनरुत्थान हे विधवेच्या वाट्याला आले. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर जिला काही वर्षे पतीवाचून काढावी लागली आणि जिने १९०० साली स्वतः तो घेतला, तिलाच ही कथा पुरी करायची होती. या चरित्रामुळे काव्याला अधिक गुण देणे मात्र योग्य होणार नाही. महाकाव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या तोलाचे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा लक्ष्मीबाईही हयात नव्हत्या.

खरी हळहळ वाटते ती अन्य कारणाने. उठलेला ख्रिस्त सरोवराकाठी स्वतः मासळी भाजतो आणि रात्रभर रिकामी जाळी ओढून दमलेल्यांना न्याहारीला बोलावतो. या प्रसंगाला महाकाव्याची नव्हे, चुलीजवळची भाषा हवी होती. आणि ती भाषा त्या काळच्या मराठीत लक्ष्मीबाईंइतकी कोणाकडेच नव्हती.