उसने वार्धक्य

ध्यानसाधनेची पत्रके, मिस्साच्या पुस्तिका आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिका यांवरील इंग्रजी शीर्षके अनेकदा एकाच वळणाच्या अक्षरांत छापलेली दिसतात. अक्षरांच्या कडा कुरतडलेल्या, रेघा खरबरीत. जणू एखाद्या प्राचीन पोथीतून ती उचलली असावीत. या अक्षरवळणाचे नाव ‘पपायरस’.

अमेरिकन रेखाटनकार ख्रिस कॉस्टेलो यांनी ते १९८२ साली खरबरीत कागदावर, हाती लेखणी घेऊन, सुमारे सहा महिने खपून सिद्ध केले. दोन हजार वर्षांपूर्वी, बायबलच्या काळात, पपायरसवर इंग्रजी लिहिले गेले असते तर ते कसे दिसले असते, ही त्यामागील कल्पना. १९८३ साली लेट्रासेट कंपनीने ते बाजारात आणले. पुढे ते संगणकांबरोबर आयतेच मिळू लागले आणि २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटाच्या शीर्षकापर्यंत जाऊन पोहोचले.

कॉस्टेलो यांच्या कष्टांना आम्ही नावे ठेवीत नाही. आमचा आक्षेप वापराविषयी आहे. काळ कोणतीही दोन अक्षरे सारखी झिजवीत नाही. येथे मात्र इंग्रजी ‘ई’च्या कडेला पडलेला खाचा प्रत्येक ‘ई’ला नेमका त्याच जागी पडतो. एका शीर्षकात तीन ‘ई’ आले की जुनेपणाचे सोंग उघडे पडते. शिवाय ही अक्षरे मोठ्या शीर्षकासाठी आहेत. प्रार्थनेचा अख्खा मजकूर त्यांत छापला की वयोवृद्धांच्या डोळ्यांना विनाकारण शीण होतो.

जीर्ण अक्षरे सर्वत्र त्याज्य आहेत, असे मात्र नाही. डच रेखाटनकार एरिक व्हॅन ब्लॉकलंड यांचे १९९१ चे ‘ट्रिक्सी’ पाहावे. त्यात टंकलेखनयंत्राचा मळकट ठसा आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नावाला ते शोभले, कारण कथाच गुप्त दप्तरांची होती. तेथे झीज विषयातून आलेली आहे.

मग शुभवर्तमानाचा विषय कोणती अक्षरे मागतो? मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात खऱ्या पपायरसचा एक तुकडा आहे. जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच आणि सहा रुंद. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्यावर संत योहानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळी आहेत. प्रभू येशू व पिलात यांच्यातील, सत्याविषयीच्या संवादाचा तो भाग. तुकडा फाटका आहे, पण अक्षरे गोलसर, सुटी, जपून काढलेली आहेत. त्या अज्ञात लेखनिकाला प्राचीन दिसायचे नव्हते. आपण लिहिलेले वाचले जावे, एवढीच त्याची तळमळ असावी. झीज काळाने केली, त्याने नव्हे.

सत्याची वार्ता सांगणाऱ्या पानाने खोट्या वयाचा आधार घेऊ नये, असे आम्हांस वाटते. स्मरणिका तयार करणाऱ्या आमच्या तरुणांना एवढेच सुचवावेसे वाटते: शीर्षक स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत घ्यावे. धर्मग्रामाचा जुना काळ दाखवायचाच असेल, तर एखाद्या जुन्या नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र छापावे. त्यावरील फिकट शाई खरी असेल.