मुत्सद्द्याची स्मृती आणि भिलाईचा करार

मुत्सद्द्याने निवृत्तीत सांगितलेल्या आठवणी इतिहासाचा पुरावा मानाव्यात काय, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना वरचे स्थान दिले, तेव्हापासून तो येथे चर्चिला गेला आहे. निकिता ख्रुश्चेव यांच्या आठवणींचे पुनर्मूल्यमापन करताना तीच कसोटी उपयोगी पडते. आणि ती लावून पाहण्यास भिलाईएवढे उचित उदाहरण क्वचितच सापडेल.

ऑक्टोबर १९६४ मध्ये सत्ता गेल्यानंतर ख्रुश्चेव यांनी या आठवणी ध्वनिफितींवर कथन केल्या. सरकारी दप्तरे हाताशी नव्हती. १९७० मध्ये त्या पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध होताच त्या खऱ्या की बनावट, असा वाद माजला; आपण आठवणी परदेशी प्रकाशकांकडे सोपविल्या नाहीत, असे निवेदनही त्यांच्या सहीने निघाले. पुढे ध्वनिफिती उपलब्ध झाल्या, आवाज त्यांचाच ठरला आणि तो वाद मिटला. परंतु ग्रंथ अस्सल ठरला म्हणजे त्यातील प्रत्येक विधान सत्य ठरले, असे नव्हे. साक्षीदाराची ओळख पटणे निराळे आणि साक्ष पटणे निराळे.

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा सोव्हिएत पंतप्रधानपदी मालेंकोव्ह होते. त्यांनी ८ फेब्रुवारीला राजीनामा दिला. नेहरूंचा सोव्हिएत दौरा त्यानंतर जूनमध्ये, तर बुल्गानिन-ख्रुश्चेव यांची भारतभेट वर्षअखेरीस झाली. अर्थात, गाजलेल्या भेटीगाठी करारामागून आल्या. त्यांचे फळ म्हणून कराराकडे पाहणे कालक्रमास धरून नाही. शिवाय सोव्हिएत साहाय्य म्हणजे अडीच टक्के व्याजाचे, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे कर्ज होते. त्याच सुमारास भारताने रूरकेल्यासाठी पश्चिम जर्मनांशी आणि दुर्गापूरसाठी ब्रिटिशांशी बोलणी चालविली होती. दात्याच्या कथनात घेणाऱ्याचे हे व्यवहारचातुर्य सहजच मागे पडते.

म्हणून या आठवणी टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. तारखा, अटी व निर्णयांचा क्रम यांसाठी करारपत्रच प्रमाण मानले पाहिजे. मात्र स्टालिनच्या मृत्यूनंतर सोव्हिएत नेतृत्वाला भारताची मैत्री का हवीशी वाटली, आणि आपले साहाय्य जगाने कोणत्या दृष्टीने पाहावे अशी त्याची इच्छा होती, हे करारपत्र सांगत नाही. त्या बाबतीत पदच्युत नेत्याचा आत्मगौरवही पुरावाच ठरतो. तो घटनेचा नसून दृष्टीचा असतो, इतकेच.

१९५५ मध्ये भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. हा इतिहास मराठी वाचकास परका नाही. आज सेक्टर ६ मधील रहिवासी आपल्या वसाहतीचा उगम शोधू लागला, तर त्याच्यापुढे मैत्रीची कथा आणि कर्जाचा करार, दोन्ही येतील. कृतज्ञता कथेतून उपजते; स्वाभिमानाला मात्र करारही वाचावा लागतो. केवळ कथा जपणाऱ्या समाजाला आपण केवळ घेणारे होतो असे वाटू लागते, आणि ते सत्य नाही.