एसक्यूएलमधील ‘जॉइन’ आणि गळणाऱ्या नोंदी : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक :
परस्परसंबंधित सारण्यांतील माहिती एकत्र आणणे हे डेटाबेस व्यवहारातील मूलभूत कार्य होय. पदवी वर्गात ते बहुधा जॉइनचे प्रकार आणि त्यांची वाक्यरचना एवढ्यापुरतेच शिकविले जाते. वस्तुतः जॉइनची निवड म्हणजे कोणाची गणना करावयाची याविषयीचा निर्णय असतो. एसक्यूएलची रचना मात्र हा निर्णय वापरकर्त्याच्या नजरेआड ठेवते, असे प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

मूळ संकल्पना :
ई. एफ. कॉड यांनी १९७० च्या आपल्या निबंधात जॉइनचा विचार करताना, दोन संबंधांतील सर्व माहिती अबाधित राखून ते केव्हा जोडता येतील, असा प्रश्न उपस्थित केला होता. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी मांडलेल्या सीक्वेल भाषेतून पुढे एसक्यूएल विकसित झाली. प्रमाणित एसक्यूएलमध्ये आउटर जॉइनचा समावेश १९९२ मध्ये झाला. तथापि नुसते ‘जॉइन’ लिहिल्यास त्याचा अर्थ आजही इनर जॉइन असाच होतो. म्हणजे जुळणी न झालेल्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळतात.

विवेचन :
समजा, ‘विद्यार्थी’ सारणीत ६० नोंदी आहेत. ‘गुण’ सारणीत परीक्षेस बसलेल्या ५२ जणांची प्रत्येकी एक नोंद असून त्यांपैकी ३९ उत्तीर्ण आहेत. इनर जॉइनवर आधारलेला निकाल ७५ टक्के येतो. सर्व ६० विद्यार्थी धरल्यास तो ६५ टक्के होतो. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत, परंतु ती दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. गैरहजर राहिलेले ८ विद्यार्थी, ज्यांची चौकशी प्रथम व्हावयास हवी, तेच पहिल्या अहवालातून नाहीसे होतात.

लेफ्ट आउटर जॉइन वापरल्याने प्रश्न संपतोच असे नाही. त्यात या आठ जणांच्या गुणांच्या जागी ‘नल’ येते. गुणांवरील अट ‘ऑन’ऐवजी ‘व्हेअर’मध्ये लिहिली, तर ‘नल’शी केलेली तुलना सत्य ठरत नाही आणि त्या नोंदी पुन्हा वगळल्या जातात. ‘काउंट’मध्ये गुणांचा स्तंभ दिल्यास उत्तर ५२ येते, तारांकन दिल्यास ६०. सरासरी काढणारे ‘एव्हीजी’ फलनही ‘नल’ वगळूनच चालते.

अर्थात, इनर जॉइन सदोष आहे असा याचा अर्थ नव्हे. केवळ परीक्षेस बसलेल्यांचाच विचार करावयाचा असेल तेथे तोच योग्य होय. आक्षेप आहे तो वगळण्याच्या मौनाविषयी.

निष्कर्ष :
अध्यापनात वाक्यरचनेपूर्वी ‘कोणत्या सारणीतील प्रत्येक नोंद उत्तरात राहिली पाहिजे?’ हा प्रश्न विचारला जावा. जॉइनपूर्वीची व नंतरची नोंदसंख्या ताडून पाहणे हा प्रात्यक्षिकाचा अनिवार्य भाग असावा. अन्यथा क्वेरी बिनचूक चालेल आणि अहवाल मात्र अपुरा राहील.