न दिसणाऱ्या कामाचा हिशेब

व्वादिस्वाव झ्मुदा हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडलं असेल, तर बहुधा एका आकड्यामुळे. विश्वचषक स्पर्धेत 21 सामने. 1974, 1978, 1982 आणि 1986 अशा सलग चार स्पर्धांमध्ये तो पोलंडकडून बचावपटू म्हणून खेळला आणि जर्मनीच्या ऊवे झेलरच्या तेव्हाच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. पुढे 1998 मध्ये लोथार माथेउसने तो आकडा मागे टाकला. फुटबॉलच्या प्रश्नमंजूषेत झ्मुदाला जागा आहे ती एवढ्यापुरतीच.

माझी तक्रार या आकड्याबद्दल आहे. तो खोटा आहे असं नाही; तो चुकीच्या दिवशी पूर्ण झाला.

16 जून 1986. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामध्ये ब्राझीलने पोलंडला 4-0 असं धुतलं. झ्मुदा तेव्हा 32 वर्षांचा होता आणि त्या स्पर्धेत तोवर एक मिनिटही खेळला नव्हता. सामना हातचा गेलेला असताना, शेवटची सहा-सात मिनिटं उरली असताना प्रशिक्षक प्येख्निचेक यांनी बोन्येकला बाहेर घेतलं आणि झ्मुदाला आत पाठवलं. संघाच्या सर्वांत मोठ्या आक्रमकाच्या जागी एक बचावपटू, तेही चार गोलांच्या पिछाडीच्या सामन्यात. डावपेच म्हणून याला काही अर्थ नाही. तो निरोपसमारंभ होता. शाल-श्रीफळ म्हणा हवं तर. आणि इतिहासाच्या पुस्तकात नेमकी हीच सहा-सात मिनिटं ठळक टायपात छापली गेली.

बचावपटूच्या वाट्याला हे येणारच, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांकडे निदान निर्धाव षटकांची नोंद तरी असते. गोलंदाजाने काही घडू दिलं नाही, हेही धावफलकावर लिहिलेलं असतं. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. जुन्या चित्रणात कॅमेरा चेंडूमागे धावतो. चांगला बचावपटू चेंडू येण्याआधीच योग्य जागी उभा असतो, म्हणून आक्रमक दुसरीकडे वळतो आणि कॅमेरा त्याच्यामागे निघून जातो. काम जितकं नेटकं, तितका माणूस चौकटीबाहेर. तो चौकटीत शिरतो तो बहुतेकदा चुकल्यावरच. त्यामुळे झ्मुदाचे सामने बघताना मला बघावे लागले ते प्रतिस्पर्धी: ते कुठे थांबले, कुठे परत फिरले, कुठे लांबूनच फटका मारून मोकळे झाले.

सुरुवात मात्र झगझगीत होती. लुब्लिनमध्ये 1954 साली जन्मलेला हा मुलगा 6 जून 1974 रोजी वीस वर्षांचा झाला आणि पुढच्याच आठवड्यात पश्चिम जर्मनीत विश्वचषक सुरू झाला. काझिमिएश गुर्स्की यांच्या त्या संघाचं कौतुक आजही होतं ते लातोच्या सात गोलांसाठी, डेय्नाच्या पासांसाठी, गोलरक्षक तोमाशेव्स्कीने अडवलेल्या पेनल्टींसाठी. मागे धिप्पाड गोर्गोनच्या जोडीला उभा असलेला हा पोरगेला झ्मुदा सातही सामने खेळला. पोलंडने इटलीला घरी पाठवलं, शेवटी ब्राझीलला हरवून तिसरं स्थान घेतलं. हरले ते फक्त एकदा, फ्रँकफुर्टच्या चिखलात, पश्चिम जर्मनीकडून, गेर्ड म्युलरच्या एकुलत्या एका गोलाने. स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून झ्मुदाची निवड झाली.

मधली वर्षं झरझर सांगता येतील: 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्य, 1977 मध्ये श्लॉन्स्क व्रोत्स्वावबरोबर लीगचं विजेतेपद, 1978 च्या अर्जेंटिनातले सहा सामने. नंतर तो वूच शहरातल्या विद्झेव क्लबात आला आणि इथून त्याची कारकीर्द केवळ खेळाची राहिली नाही.

नोव्हेंबर 1980. ऑगस्टमधल्या संपांतून सॉलिडॅरिटी ही संघटना उभी राहून जेमतेम तीन महिने झाले होते. माल्टाविरुद्धच्या पात्रता सामन्यासाठी आणि त्याआधीच्या सरावासाठी राष्ट्रीय संघ वॉर्सातल्या ओकेंच्ये विमानतळावरून इटलीला निघाला होता. गोलरक्षक म्विनार्चिक आदल्या रात्रीची दारू न उतरलेल्या अवस्थेत आला. त्याला मागे ठेवायचं ठरलं, तेव्हा बोन्येक, तेर्लेत्स्की आणि झ्मुदा त्याच्या बाजूने उभे राहिले. परिणामी या चौघांवर काही महिन्यांची बंदी आली, आणि प्रशिक्षक कुलेशा यांच्या जागी प्येख्निचेक आले.

या प्रकरणाचं पुढे बरंच दंतकथीकरण झालं. सत्तेविरुद्धचं बंड म्हणून ते सांगितलं जातं. मला ते तेवढं भव्य वाटत नाही. एक सहकारी अडचणीत होता, स्वतःच्या चुकीने अडचणीत होता, आणि तरीही त्याला एकट्याला सोडायचं नाही असं तिघांना वाटलं, इतकंच. पण बचावपटूची वृत्ती याहून वेगळी ती काय असते? गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला की मागे धावत जायचं. चूक कोणाची हे नंतर बघू. किंमत मात्र सारखी पडली नाही. सर्वांत परखड बोलणारा तेर्लेत्स्की पुन्हा कधीच देशासाठी खेळला नाही. उरलेले तिघे परतले. चांगल्या मध्यफळीवाल्याशिवाय भागेल, पण असा गोलरक्षक, असा आक्रमक आणि असा बचावपटू गमावून विश्वचषकाला जाणं परवडणार नाही, असा व्यवहार त्यात अजिबात नसेल, हे मानायला मी तयार नाही.

डिसेंबर 1981 मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. सहा महिन्यांनी स्पेनमध्ये विश्वचषक सुरू झाला तेव्हा पोलंडचा कर्णधार होता शिस्तभंगाची शिक्षा भोगून आलेला झ्मुदा. उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत पोलंडवर फक्त एक गोल झाला, तोही पेरूविरुद्ध पाच मारून झाल्यावर.

आणि त्या पाचांतला 4 जुलैचा सामना. बार्सिलोनाचं कॅम्प नाऊ, समोर सोव्हिएत संघ, गॅलरीत सॉलिडॅरिटीचे फलक. बेल्जियमला 3-0 हरवल्यामुळे पोलंडला बरोबरी पुरेशी होती. सोव्हिएत संघाला जिंकणं भाग होतं. सामना 0-0 सुटला. एरवी कंटाळवाणा म्हणून विसरला जावा असा निकाल. पण ज्या देशात रस्त्यावर रणगाडे होते, त्या देशासाठी नव्वद मिनिटं काहीही न घडू देणं हीच मोठी घटना होती. झ्मुदाचा विक्रम कुठल्या सामन्याने ओळखावा असं मला विचारलं, तर मी ग्वादालाहारा नव्हे, हा सामना सांगेन. उपांत्य फेरीत बोन्येक निलंबित होता, रोस्सीने दोन गोल केले आणि पोलंड हरलं. मग फ्रान्सला हरवून पुन्हा तिसरं स्थान.

त्या उन्हाळ्यात तो इटलीत वेरोनाला गेला. त्या काळच्या पोलंडमध्ये परदेशी जायला परवानगी लागे आणि ती सहसा उमेदीची वर्षं सरत आल्यावरच मिळे. वेरोनात दुखापतींनी त्याला फार खेळू दिलं नाही. मग थोडे दिवस न्यूयॉर्क कॉसमॉस, मग क्रेमोनेसे. तो सोडून गेल्यावर, 1985 मध्ये, वेरोनाने इटलीचं विजेतेपद जिंकलं.

सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यातलं एक दृश्य अजूनही दाखवतात: शेवटच्या मिनिटांत स्मोलारेक कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी चेंडू अंगाआड धरून वेळ काढतो आहे, सोव्हिएत खेळाडू त्याला ढकलताहेत. कॅमेरा तिथेच खिळलेला आहे. पोलंडचा कर्णधार त्या चौकटीत नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे, चेंडू सुटलाच तर तो यायचा त्या जागी.